वाचकांचे प्रश्न : कर्जापायी कैद झालेला न्यायाधीश

गेल्या अंकात अमेरिकेच्या राज्यघटनेवर लिहिताना जेम्स विल्सन या वकिलाबद्दल मी चारच ओळी लिहिल्या होत्या. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि राज्यघटनेवर अशा दोन्हींवर सही करणाऱ्या सहा जणांपैकी तो एक, सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या सहा न्यायाधीशांपैकीही एक, आणि पदावर असतानाच त्याला कर्जापायी कैद झाली. या शेवटच्या वाक्याने अनेकांना पत्र लिहायला लावले. माझी बहुतेक वकिली सांगलीच्या दिवाणी न्यायालयात हुकूमनाम्यांच्या दरखास्ती, म्हणजे न्यायालयाने ठरवलेली रक्कम वसूल करण्याचे अर्ज, चालवण्यात गेली. कर्ज, जप्ती, अटकेची नोटीस हाच माझा रोजचा विषय होता, म्हणून विल्सनची गोष्ट मला फार जवळची वाटते. या वेळचे सगळे सदर त्याच्यासाठी.

वकीलताई, हा गृहस्थ मूळचा कुठला? शेतकऱ्याच्या घरातून इतका वर कसा आला?
(निवृत्त शिक्षक, फलटण)

सर, विल्सन जन्मला स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात, १७४२ साली. वडील शेतकरी. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही घरच्यांची इच्छा, आणि मुलगा हुशार, त्यामुळे सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली. पण वडील वारले आणि ते शिक्षण अर्धवट राहिले. १७६५ मध्ये तो जहाजाने अमेरिकेला निघाला. ब्रिटिश संसदेने वसाहतींवर मुद्रांकाचा कर लादला, त्यावरून तिकडे रान पेटले होते, नेमके तेच वर्ष. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात त्याने काही दिवस लॅटिन शिकवले, पण मन रमले नाही. कमाई आणि मान दोन्ही वकिलीत आहेत हे त्याने ओळखले.

तेव्हा अमेरिकेत कायद्याची महाविद्यालये नव्हती. एखाद्या नामांकित वकिलाच्या कचेरीत बसायचे, दस्तांच्या नकला उतरवायच्या, त्याची पुस्तके वाचायची आणि काम बघत शिकायचे. विल्सनला गुरू मिळाला तो जॉन डिकिन्सन, वसाहतींतला अत्यंत वजनदार वकील. १७६७ मध्ये सनद मिळाल्यावर विल्सन आधी रेडिंगला आणि मग कार्लाइलला गेला. कार्लाइल तेव्हा वस्तीच्या कडेचे गाव, तिथे बहुतेक दावे जमिनीचे. कोणाची हद्द कुठवर, कोणाचा दस्त आधीचा, कोणी मोजणी न करताच शेत धरले. वकिली जोरात चालली. १७७१ मध्ये रेचेल बर्ड हिच्याशी लग्न झाले, पुढे सहा मुले झाली. मिळालेल्या पैशाने, आणि न मिळालेल्या पैशाच्या भरवशावर, तोही जमिनी घेऊ लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७७४ मध्ये त्याचा एक निबंध छापून आला. संसदेला वसाहतींसाठी कायदे करण्याचा अधिकार किती, हा विषय. इतर पुढारी तेव्हा म्हणत होते की संसदेने कर लावू नये, व्यापाराचे नियम मात्र करावेत. विल्सन थेट म्हणाला की संसदेला काहीच अधिकार नाही, कारण वसाहतींतल्या लोकांनी त्या संसदेला निवडलेलेच नाही. माणसे निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहेत, आणि संमतीवाचून कोणाचीही कोणावर सत्ता चालत नाही, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवले. जाहीरनामा त्यानंतर दोन वर्षांनी आला.

संमतीचा हा आग्रह किती खरा होता ते १७७६ मध्ये दिसले. जूनमध्ये वसाहतींच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधींच्या सभेत, स्वातंत्र्याचा ठराव आला तेव्हा पेनसिल्व्हेनियाचा प्रतिनिधी असलेल्या विल्सनने मुदत मागितली. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने आपल्या प्रतिनिधींना स्वातंत्र्याच्या बाजूने मत देण्यास मनाई केली होती, आणि ज्यांनी पाठवले त्यांना न विचारता मत द्यायला तो तयार नव्हता. मनाई उठली. १ जुलैला पेनसिल्व्हेनियाच्या सात प्रतिनिधींपैकी चार विरोधात होते आणि तीन बाजूने. त्या तिघांत बेंजामिन फ्रँकलिन आणि विल्सन, तर विरोधकांत डिकिन्सन, म्हणजे त्याचा गुरू. २ जुलैला डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस मतदानापासून बाजूला राहिले आणि तीन विरुद्ध दोन अशा मतांनी पेनसिल्व्हेनिया स्वातंत्र्याच्या बाजूला आला. ज्याच्या कचेरीत आपण कायदा शिकलो त्याच्यासमोर उभे राहून उलट मत देणे सोपे नसते, हे कोणत्याही ज्युनिअर वकिलाला विचारा.

लोकांच्या संमतीवर एवढा विश्वास होता, तर लोकांनीच त्याच्या घरावर गोळ्या का झाडल्या?
(वाचक, पुणे)

ही घटना ४ ऑक्टोबर १७७९ ची. वर्षभरापूर्वी ब्रिटिश फौज फिलाडेल्फिया सोडून गेली होती. शत्रूला मदत केल्याच्या आरोपावरून कित्येकांवर देशद्रोहाचे खटले भरले गेले. त्यांची वकीलपत्रे घ्यायला जे थोडे पुढे आले त्यांत विल्सन होता. अब्राहम कार्लाइल आणि जॉन रॉबर्ट्स या दोन क्वेकर (युद्ध न मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या) आरोपींच्या बाजूने तो उभा राहिला. दोघेही दोषी ठरले आणि नोव्हेंबर १७७८ मध्ये फासावर गेले.

इकडे कागदी चलनाची किंमत घसरत होती, भाकरी महाग होत होती, आणि लढाईवरून आलेल्या शिपायांना श्रीमंत व्यापारी व त्यांचे वकील हेच आपले वैरी वाटू लागले होते. हत्यारबंद जमाव विल्सनच्या घरावर चालून गेला. आत विल्सन आणि त्याचे मित्र दारे-खिडक्या लावून, बंदुका घेऊन बसले होते. गोळीबारात दोन्हीकडची माणसे मेली. राज्याचा प्रमुख जोसेफ रीड स्वतः घोडेस्वार घेऊन आला तेव्हा कुठे जमाव पांगला. ते घर पुढे ‘फोर्ट विल्सन’ म्हणूनच ओळखले गेले.

शिपायांचा राग समजण्यासारखा होता. त्यांची मुले उपाशी होती. पण आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, त्याच्यावरचा आरोप पुराव्यानेच सिद्ध झाला पाहिजे, ही विल्सनची भूमिका योग्य होती असे मी ठामपणे म्हणते. पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीत तो बसला, आणि त्या घटनेत देशद्रोहासाठी अट आली ती अशी की त्याच एका उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाही तर आरोपीने भर न्यायालयात कबुली दिलेली हवी. दाराबाहेरचा जमाव पाहिलेल्या माणसाला ही अट किती मोलाची वाटली असेल!

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवड मतदारमंडळ करते. ही विल्सनची कल्पना, असे एका पुस्तकात वाचले. दुसऱ्या पुस्तकात तो थेट निवडणुकीच्या बाजूचा होता असे आहे. परीक्षेत काय लिहू?
(कायद्याची विद्यार्थिनी, लातूर)

दोन्ही खरे आहे, आणि क्रम लक्षात ठेवलास की गोंधळ उरणार नाही.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसमध्ये घटना परिषद भरली. वेगवेगळ्या राज्यांतून पंचावन्न प्रतिनिधी आले. विल्सन त्यात १६८ वेळा बोलला. त्याच्याहून अधिक वेळा बोलणारा फक्त गव्हर्नर मॉरिस. (गव्हर्नर हे त्याचे नावच, हुद्दा नव्हे.) १ जूनला कार्यकारी सत्तेचा विषय निघाला आणि विल्सनने सूचना मांडली की ही सत्ता एकाच माणसाच्या हाती असावी. सभागृहात बराच वेळ कोणी बोलेना. राजाशी लढून नुकतेच सुटलेले लोक ते, आणि परिषदेचा अध्यक्ष असलेला वॉशिंग्टनच ते पद घेणार हे सगळ्यांना दिसत होते. त्याच दिवशी विल्सनने पुढची गोष्ट सांगितली: हा माणूस लोकांनी थेट निवडावा. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर लोकच निवडतात आणि तिथे ते नीट चालले आहे, असा दाखलाही दिला. जॉर्ज मेसनला कल्पना आवडली, पण ती जमणारी नाही असे त्याला वाटले.

हे पास होत नाही हे पाहून दुसऱ्या दिवशी विल्सनने मधला मार्ग आणला. राज्यांचे विभाग करावेत, प्रत्येक विभागातील लोकांनी निर्वाचक (यांचेच मिळून मतदारमंडळ) निवडावेत आणि त्या निर्वाचकांनी राष्ट्राध्यक्ष निवडावा. पेनसिल्व्हेनिया आणि मेरिलँड सोडून बाकीची राज्ये विरोधात गेली. उन्हाळाभर परिषद या प्रश्नावर फिरून फिरून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, राष्ट्राध्यक्ष निवडावा इथेच येत राहिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला, राहिलेल्या प्रश्नांच्या समितीने निर्वाचकांची कल्पना पुन्हा उचलली, पण ते निर्वाचक कसे नेमायचे हे प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोडले. म्हणजे विल्सनची दुसऱ्या पसंतीची योजना घटनेत आली, आणि तिच्यातला त्याचा खरा आग्रह, लोकांनी निर्वाचक निवडण्याचा, तोच गळला.

सिनेट, म्हणजे काँग्रेसचे वरचे सभागृह, त्याबद्दलही त्याचे म्हणणे हेच. सिनेटरही लोकांनी निवडावेत. तेव्हा ते कोणी मानले नाही. ती दुरुस्ती व्हायला १९१३ साल उजाडावे लागले. त्याच्या काळात एवढ्या ठिकाणी लोकांच्या थेट मताचा आग्रह धरणारा दुसरा प्रतिनिधी मला त्या परिषदेत दिसत नाही. १७९० मध्ये पेनसिल्व्हेनियाची नवी राज्यघटना झाली तेव्हा मात्र त्याने आपले म्हणणे खरे केले आणि गव्हर्नरची थेट निवडणूक त्यात आली.

आणखी एक गोष्ट उत्तरात लिही. २६ जुलै ते ६ ऑगस्ट या दिवसांत पाच जणांच्या समितीने घटनेचा पहिला पूर्ण मसुदा केला. त्यात विल्सन होता, आणि त्याच्या हस्ताक्षरातले खर्डे फिलाडेल्फियाच्या ऐतिहासिक संस्थेत जपून ठेवले आहेत. ‘आम्ही लोक’ ही सुरुवात त्या मसुद्यात आहे. पण तिथे त्यापुढे एकेका राज्याचे नाव येते. राज्यांची नावे काढून ‘अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे लोक’ असे केले ते शेवटी गव्हर्नर मॉरिसने. १७ सप्टेंबरला सह्यांच्या दिवशी ८१ वर्षांच्या फ्रँकलिनचे भाषण त्याच्या वतीने विल्सननेच वाचून दाखवले.

आपल्या राष्ट्रपतींची निवडही थेट होत नाही, म्हणून मुले दोन्ही पद्धती एकत्र घालून लिहितात. तसे करू नकोस. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा फरक स्वच्छ मांडला आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हा कार्यकारी सत्तेचा प्रमुख, तर आपल्या राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे, राष्ट्राचे प्रमुखपद असलेले पण राज्यकारभार न चालवणारे. ज्याच्या हाती कारभार आहे त्याला कोण निवडतो, हा विल्सनचा प्रश्न होता.

गुलामांना तीन-पंचमांश माणूस ठरवणाऱ्या या माणसाचे एवढे कौतुक कशासाठी?
(वाचक, नागपूर)

आपला संताप रास्त आहे. ११ जून १७८७ ला तो प्रस्ताव मांडला विल्सनने, अनुमोदन दिले दक्षिण कॅरोलिनाच्या चार्ल्स पिंकनीने. प्रतिनिधिगृहात प्रत्येक राज्याला जागा किती द्यायच्या हे लोकसंख्येवरून ठरणार होते, आणि गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरायची असा तो हिशेब. १७८३ मध्ये करांसाठी काढलेले प्रमाण त्याने उचलले. गुलामांना मत नव्हतेच. त्यांच्या डोक्यांवर जागा वाढल्या त्या त्यांच्या मालकांच्या.

एक महिन्याने, ११ जुलैला, विल्सन स्वतः म्हणाला की हे प्रमाण कोणत्या तत्त्वावर बसते ते आपल्याला कळत नाही. गुलाम नागरिक असतील तर बरोबरीने का मोजायचे नाहीत? मालमत्ता असतील तर मग बाकीची मालमत्ता का मोजायची नाही? प्रश्न अचूक विचारला आणि उत्तर न देता तडजोडीची गरज पुढे केली. माणसे निसर्गतः समान आहेत असे ज्याने लिहिले त्याला हे कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. त्याच्या स्वतःच्या घरीही एक गुलाम होता. त्याला त्याने मुक्त केले ते १७९० नंतर.

घटना मंजूर करणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या सभेत त्याने आशा दाखवली की १८०८ पासून गुलामांची आयात बंद करण्याचा अधिकार काँग्रेसला मिळेल आणि तिथून गुलामगिरीच्या अंताचा पाया घातला जाईल. आयात बंद झाली, पण गुलामगिरी वाढतच गेली आणि लाखो माणसांचे बळी घेणाऱ्या यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये संपली. मी विल्सनला यातून सोडवत नाही.

मी न्यू जर्सीत बर्लिंग्टनपासून जवळच राहतो. इथे विल्सनला अटक झाली हे आपल्या लेखातून कळले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला असे पकडता येत होते? त्याने राजीनामा का दिला नाही? आणि एवढे कर्ज झाले कसे?
(वाचक, न्यू जर्सी)

आधी तुमचा कायद्याचा प्रश्न. अटक कायदेशीर होती. काँग्रेसच्या सभासदांना अधिवेशनाच्या काळात दिवाणी अटकेपासून संरक्षण आहे, ते घटनेतच लिहिले आहे. न्यायाधीशांसाठी असे कलम नाही. आणि तेव्हाच्या कायद्यात धनकोला न्यायालयाचा हुकूम मिळाला की तो ऋणकोला धरून तुरुंगात घालू शकत होता. तो बुडवतोय की खरेच कफल्लक झालाय, हे बघण्याची सक्ती नव्हती.

आता कर्ज. कार्लाइलमध्ये लागलेली जमिनीची ओढ कधी सुटली नाही. १७८१ मध्ये निघालेल्या बँक ऑफ नॉर्थ अमेरिकेचा तो वकील होता आणि तिचा मोठा कर्जदारही. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क आणि दक्षिणेकडे त्याने अफाट जमिनी उधारीवर घेतल्या. १७९५ च्या जॉर्जियातल्या बदनाम याझू जमीनविक्रीतही त्याचा वाटा होता. त्याचा हिशेब असा, की युरोपातून माणसे आणि भांडवल येतच राहणार, जमिनीचे भाव चढणार, आणि एका तुकड्याच्या विक्रीतून दुसऱ्याचा हप्ता जाणार. पण युरोप युद्धात अडकला. फेब्रुवारी १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले. उधार मिळेनासे झाले आणि जमिनीला गिऱ्हाईक उरले नाही. जमिनीवर कर्ज, त्या कर्जावर आणखी जमीन, असा डोलारा रचलेला मोठा माणूस कसा कोसळतो ते मी सांगलीत जवळून पाहिले आहे. तो शेवटपर्यंत म्हणतो, एवढा एक सौदा झाला की सगळे फेडतो, आणि त्याला ते मनापासून खरे वाटत असते.

सहन्यायाधीशांचा पगार तेव्हा वर्षाला ३,५०० डॉलर. पिअर्स बटलर या एकट्या धनकोचे येणे १,९७,००० डॉलर. म्हणजे छप्पन वर्षांचा सगळा पगार, आणि तोही व्याज न धरता. हा बटलर दक्षिण कॅरोलिनाचा, १७८७ च्या परिषदेत विल्सनसोबत बसलेला आणि त्याच घटनेवर सही केलेला.

१७९७ मध्ये विल्सन फिलाडेल्फियातून निघाला तो धनकोंना चुकवण्यासाठी. बर्लिंग्टन डेलावेअर नदीच्या काठी, राज्याची हद्द ओलांडली की लगेच. पण तिथल्या धनकोने त्याला तुरुंगात घातलेच. मुलगा बर्ड विल्सन धावला आणि सुटका झाली. मग विल्सन दक्षिणेकडे उत्तर कॅरोलिनातल्या ईडेंटनला गेला. तिथे बटलरच्या येण्यापायी त्याला पुन्हा कैद झाली. १७९८ चा उन्हाळा, हिवतापाने तो खंगला, नंतर झटका आला आणि २१ ऑगस्टला गेला. वय पंचावन्न. शेवटी त्याच्याजवळ होती ती दुसरी बायको हॅना. रेचेल १७८६ मध्येच वारली होती, आणि हॅना ग्रेशी त्याने १७९३ मध्ये लग्न केले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत वाईट वाटते ते तिच्यासाठी. कर्ज काढताना तिला कोणी विचारले नव्हते.

ईडेंटन हे न्यायाधीश जेम्स आयर्डेल याचे गाव. या दोघांचा संबंध समजून घ्यायला १७९३ चा खटला पाहावा लागतो. दक्षिण कॅरोलिनाच्या एका व्यापाऱ्याने युद्धात जॉर्जिया राज्याला माल पुरवला होता. पैसे मिळाले नाहीत. तो वारला, आणि त्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक चिझम याने सर्वोच्च न्यायालयात जॉर्जियावर दावा लावला. जॉर्जिया म्हणाले, आम्ही सार्वभौम आहोत, आमच्यावर दावा चालणारच नाही. चार विरुद्ध एक असा निकाल जॉर्जियाविरुद्ध गेला. विल्सनने लिहिले की सार्वभौम आहेत ते लोक. राज्य ही माणसांनीच उभारलेली गोष्ट आहे, आणि एकटा माणूस आपल्या वचनाला बांधील असतो, तर माणसे एकत्र आली म्हणून ती बांधिलकी संपते कशी? दिवाणी न्यायालयात सरकारकडून बिल वसूल करण्यासाठी खेटे घातलेल्या प्रत्येक ठेकेदाराला हे निकालपत्र वाचून दाखवावे असे मला वाटते. जॉर्जियाच्या प्रतिनिधिगृहाने तर या निकालाची अंमलबजावणी करणाऱ्याला फाशी द्यावी असे विधेयक संमत केले. १७९५ मध्ये अकरावी घटनादुरुस्ती होऊन तो निकाल पुसला गेला. त्या खटल्यात विरोधी मत देणारा एकटा न्यायाधीश आयर्डेल. आणि वेळ आली तेव्हा त्याच आयर्डेलने आणि त्याच्या आप्तांनी विल्सनला आधार दिला. आयर्डेलचा मेव्हणा सॅम्युएल जॉन्स्टन याच्या जमिनीत विल्सनचे दफन झाले. १९०६ मध्ये अवशेष फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चमध्ये नेले.

आता राजीनामा. न्यायाधीशाची नेमणूक सद्वर्तन असेपर्यंतची, काढायचे तर महाभियोगानेच. तो कोणी चालवला नाही आणि विल्सननेही पद सोडले नाही. पगार हीच त्याची एकमेव खात्रीची मिळकत होती, हे मला कळते. तरीही माझ्या मते त्याने राजीनामा द्यायला हवा होता. धनकोंच्या भीतीने ज्याला न्यायालयात जाता येत नाही त्याने ती खुर्ची अडवणे म्हणजे पक्षकारांवर अन्याय. सर्वोच्च न्यायालयात तेव्हा सहाच न्यायाधीश होते, आणि प्रत्येकाला घोड्यावरून, बग्गीतून फिरत गावोगावी न्यायालये भरवावी लागत. एक कमी झाला की त्याचा भार बाकीच्यांवर.

पण तुरुंगात घालणे? त्यातून बटलरला एक डॉलर सुटला नाही. दिवाळखोरीचा एकसारखा कायदा करण्याचा अधिकार १७८७ च्या घटनेनेच काँग्रेसला दिला होता, पण काँग्रेसने तो कायदा केला १८०० मध्ये, विल्सन जाऊन दोन वर्षांनी. १७७६ मध्ये मतदानापासून बाजूला राहिलेला रॉबर्ट मॉरिस, ज्याने क्रांतीला पैसा उभा करून दिला, तोही याच जमिनींपायी फेब्रुवारी १७९८ पासून फिलाडेल्फियाच्या तुरुंगात होता. तो या नव्या कायद्यामुळे १८०१ मध्ये सुटला. विल्सन तेवढा जगला असता तर त्यालाही ती वाट होती.

मुलगा बर्ड याने वडिलांची कायद्यावरची व्याख्याने १८०४ मध्ये तीन खंडांत छापली. डिसेंबर १७९० मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजात त्यातले पहिले व्याख्यान झाले तेव्हा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः ऐकायला बसले होते. बर्ड आधी न्यायाधीश झाला आणि नंतर ते सोडून धर्मोपदेशक.

ताई, माझ्या धाकट्या भावाचे चार माग होते. धंदा बसला. सहकारी संस्थेचा पैशाचा हुकूमनामा झाला आहे आणि आता अटक का करू नये अशी नोटीस आली आहे. भाऊ जेवत नाही. विल्सनसारखी त्यालाही कैद होईल का?
(वाचक, इचलकरंजी)

दादा, सर्वांत आधी भावाला हे वाचून दाखवा. नुसते फेडता येत नाही म्हणून आपल्याकडे कोणाला तुरुंगात घालता येत नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, हे स्पष्ट केले आहे. गरिबी हा गुन्हा नाही. ऋणकोजवळ पैसा आहे आणि तो बुडवण्याच्या हेतूने देत नाही, असे धनकोला दाखवावे लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ प्रमाणे न्यायालयाला तशी कारणे लेखी नोंदवावी लागतात. दाव्यानंतर लबाडीने मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली असेल किंवा पळून जाण्याची शक्यता असेल, तर गोष्ट वेगळी.

आलेली नोटीस म्हणजे अटक नव्हे. ती भावाला बोलण्याची संधी आहे. तारखेला त्याने स्वतः हजर राहावे, वकील करावा. ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, पात्र ठरल्यास तिथून वकील फुकट मिळतो. उत्पन्न किती, माग कधी विकले आणि त्या पैशाचे काय झाले, घरात खाणारी तोंडे किती, आजारपण काय, हे सगळे कागदांसह प्रतिज्ञापत्रावर द्या. काही लपवू नका. जमेल तेवढ्या हप्त्याची तयारी तिथेच दाखवा. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण पाळता येईल अशीच सांगा.

उद्या कैदेचा हुकूम झालाच, तर दोन हजारांपर्यंतच्या हुकूमनाम्यात कैद होत नाही. पाच हजारांवरच्या रकमेसाठी ती जास्तीत जास्त तीन महिने, आणि त्या काळातला त्याचा खाण्यापिण्याचा भत्ता धनकोने भरायचा. तो न भरल्यास सुटका. एकदा सुटल्यावर त्याच हुकूमनाम्यापायी पुन्हा अटक नाही, मात्र कर्ज शिल्लक राहते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलिफाला घरात शिरता येत नाही. कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. भावाने धनादेश दिले असतील आणि ते वटले नसतील, तर तो फौजदारी मामला निराळा. तसे असल्यास आधी तो कागद वकिलाला दाखवा.

एक गोष्ट करू नका. हे फेडायला खासगी सावकाराकडून नवे कर्ज काढू नका. तारीख कोणती आहे ते मला कळवा, आणि नोटिशीची झेरॉक्स पाठवा.